वरच्या मॅडम आणि माझ्या एकोणीस सह्या

आमच्या वरच्या खोलीतल्या मॅडमइतकी 'समजलं' या शब्दाची वैरीण अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला ऊन सोसत नाही, मॅडमना हा एक शब्द सोसायचा नाही. समोरच्यानं तो नुसता उच्चारला की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि अगदी गोड आवाजात विचारायच्या, "काय समजलं?" एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी भल्याभल्यांची बोलती बंद केलेली मी पाहिली आहे. एकदा आमच्या यांचा रक्तदाब वाढला म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो होतो, मॅडम सहज सोबत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा. समजलं?" हे म्हणाले, "समजलं." झालं. चष्मा कपाळावर गेला. "काका, काय समजलं?" हे म्हणाले, "मीठ कमी खायाचं." "थे त डॉक्टरसायबानं सांगितलं. मिठानं रक्ताचा जोर काहून वाढते, थे समजलं का?" हे डॉक्टरांकडे पाहू लागले आणि डॉक्टर घड्याळाकडे. शेवटी त्या बिचाऱ्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे नळ्या काढल्या, मूत्रपिंड काढलं, मीठ पाणी कसं धरून ठेवतं ते सांगितलं. बाहेर बाकावर बसलेले चार पेशंटसुद्धा आत येऊन ऐकत उभे राहिले. तेव्हापासून यांनी जेवताना वरून मीठ घेणं सोडलं. आणि मॅडम दिसल्या की डॉक्टर कंपाउंडरला आधीच सांगतात, "कागद आन रे."

आम्ही कारंज्यात राहतो, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. हे एका अडत दुकानात काट्यावर असतात आणि मी घरी ब्लाउज शिवते. वरची खोली रिकामी होती, ती मॅडमनी घेतली. गावाबाहेरच्या रस्त्यावर इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, तिथे त्या मेकॅनिकल शिकवायच्या. मूळच्या जऊळक्याच्या, शेतकऱ्याची मुलगी, वय पस्तिशीचं. सामान घेऊन आल्या तेव्हा कपड्यांची एक पिशवी होती आणि लोखंडाची चार पोती. पोती जिन्यावरून वर चढवताना हे घामाघूम झाले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तरीण म्हनून ठेवली का भंगारवाली?" पोत्यांतून स्कूटरचं उभं कापलेलं इंजिन निघालं, हापशाचा दट्ट्या निघाला, घड्याळांची आतडी निघाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोरांना दाखवायला म्हणून माझा मिक्सर उघडला. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. मॅडमनी तो उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, हा जास्तीचाच होता." मिक्सर अजून चालतो. फक्त चटणी वाटताना तो ओट्यावरून चालत जातो, म्हणून एका हातानं धरावा लागतो.

त्या आल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "काकू, शिक्षण किती तुमचं?" हा प्रश्न मला कधीच आवडला नाही. इंझोरीला माझ्या माहेरी चौथी झाली आणि मी घरी बसले, पुढे लग्न झालं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहून "चौथी" म्हटलं. दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. मॅडमचा चेहरा मात्र असा उजळला, की जणू मी पहिला नंबर आल्याचंच सांगितलं. "अरे वा! असंच मानूस मले पाह्यजे होतं!" त्यांचं म्हणणं असं, की जो धडा पोळ्या लाटणाऱ्या बाईला सांगता येत नाही, तो शिकवणाऱ्यालाच आलेला नाही. म्हणून रोज सकाळी कॉलेजात शिकवायचं ते त्या आधी माझ्या ओट्याजवळ उभं राहून शिकवायच्या. बॉयलर मी कुकरवर ऐकला. गिअर मी यांच्या सायकलवर ऐकले, त्या दिवशी हे दुकानात उशिरा पोचले. मी पोळी लाटत हूं हूं करायची. मला वाटायचं, बिचारीला बोलायला कुणी नाही, बोलू द्यावं.

वर्गातल्या त्यांच्या तऱ्हा मला कॉलेजच्या चपराश्याकडून कळायच्या, तो आमच्याच गल्लीत राहतो. मॅडम प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. आता वाट तर सगळेच मास्तर पाहतात. चौथीत आमचे गुरुजीही पाहायचे, पण छडी उचलेपर्यंतच. मॅडमच्या वाट पाहण्याला शेवट नसायचा. प्रश्न विचारून त्या खुर्चीवर बसायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि पोरांकडे कौतुकानं पाहत राहायच्या. उत्तर सांगायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत, दुसरा प्रश्नही विचारायच्या नाहीत. एकदा अशीच कॉलेज सुटायची वेळ झाली. चपराशी वऱ्हांड्यातून कुलपं लावत चालला होता. या वर्गातून आवाज नाही, हालचाल नाही. त्याला वाटलं, पोट्टे गेले. त्यानं बाहेरून कडी लावली, कुलूप घातलं आणि सायकलला टांग मारली. आत साठ पोरं आणि मॅडम, सगळे विचार करत बसलेले. कुलूप लागल्याचा आवाज ऐकून मागच्या बाकावरचा एक जण घाईनं उभा राहिला आणि त्यानं उत्तर सांगितलं, तेही बरोबर. मग खिडकीतून आरडाओरडा करून चपराश्याला परत बोलावलं. तो हात जोडून माफी मागायला लागला, तर मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुमचे उपकार हायत. असं कुलूप रोज लावत जा."

दुसरी तऱ्हा चुकीची. रोजच्या तासात मॅडम फळ्यावर मुद्दाम एक चूक करायच्या आणि ती सापडवणाऱ्याला शेंगदाण्याची चिक्की द्यायच्या. चिक्की मीच करून द्यायची. त्यामुळे पोरं फळा नुसता उतरवून घेत नसत, शिकाऱ्यासारखी टपून बसत. एक दिवस मॅडम घाईत चूक करायलाच विसरल्या. पोरांना ते काय माहीत? त्यांनी दोन दिवस तो धडा उलटा केला, सुलटा केला, ग्रंथालयातली जाड पुस्तकं काढली, आणि शेवटी तिघे जण पुस्तकातली चूक शोधून घेऊन आले. ती खरोखरच छापणाऱ्याची चूक निघाली. त्या संध्याकाळी मॅडम जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या आणि वरून ओरडल्या, "काकू, उद्या परातभर चिक्की लागन!"

पण गल्लीत त्यांचं नाव झालं ते सहीच्या वहीमुळे. मॅडमचा नेम असा, की प्रत्येक पोरानं एक यंत्र घ्यायचं आणि ते कॉलेजबाहेरच्या, फारसं न शिकलेल्या माणसाला समजावून सांगायचं. त्या माणसाला पटलं की त्यानं वहीत सही करायची, सही येत नसेल तर अंगठा. सहीशिवाय त्या पोराचं काम पूर्ण धरायचं नाही. मग काय, आमच्या गल्लीत पोरापोरींची रांग लागली. समोरच्या किराणा दुकानदारानं तर पोरांचा जीव घेतला. फ्रीज समजावायला आलेल्या एका पोराला तो म्हणाला, "थंड करते म्हन्तं न? मंग मांगून गरम काहून लागते?" पोरगा म्हणाला, "काका, ते कंडेन्सर असते." "नाव नको सांगू. गरम काहून लागते थे सांग. आतली गरमी बाहेर फेकते का बाहेरची आत घेते?" पोरगा तीन वेळा परत गेला. चौथ्या वेळी सही मिळाली, तेव्हा तो गल्लीतून कुस्ती मारल्यासारखा छाती काढून गेला. दुकानदारही कमी नाही. तो गिऱ्हाइकाला साखर तोलून देताना सांगायला लागला, "आपल्या सहीबिगर इंजिनेर होत नाई कोनी."

आता माझी गोष्ट सांगते, ती सांगायला लाज वाटते. मला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. लहानपणापासूनच नाही. दुकानदार माप कमी देतो ते दिसतं, तरी म्हणता येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं परवा ब्लाउज द्या, मला माहीत असतं होणार नाही, तरी मान हलते. तर इंझोरीचीच एक मुलगी मॅडमच्या वर्गात होती. माझ्या माहेरच्या गावची म्हणून मला आत्या म्हणायची. हुशार, बोलायला फटाफट. ती सगळ्यात आधी माझ्याकडे आली. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं जड चाक, ते तिनं समजावलं. एका दमात, कुठे न अडखळता, मधे मधे इंग्रजी घालून. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. किती छान बोलते आपल्या गावची पोरगी, एवढंच माझ्या मनात. ती म्हणाली, "समजलं न आत्या?" मी म्हटलं, "समजलं बाई," आणि सही केली. वर चहा पाजला. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मग पोरं आली. मला नंतर कळलं, वर्गात बातमी फिरली होती, "किराणावाल्याकडं नका जाऊ, मॅडमच्या घरमालकिणीकडं चला. काकू लगेच सही देते, चहाबी देते." मी आपली खुशीत. मला वाटायचं, मॅडमना केवढी मदत करून राहिले मी!

एके दिवशी मॅडम कॉलेजातून आल्या त्या वर गेल्याच नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. हातात वही होती. मी मशीनवर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "काकू, फ्लायव्हील म्हंजे काय?"

त्या वाट पाहू लागल्या. त्यांची ती वाट पाहण्याची तऱ्हा मी नुसती ऐकली होती, आता माझ्यावर आली. शेवटी मी म्हटलं, "जड चाक."

"अन् थे जड काहून?"

मी मशीनवरचं कापड उगाच सरळ करू लागले. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. पानापानावर माझीच सही, तीच वाकडी, एकोणीस वेळा. त्यांनी रागवायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काकू, तुमी नाही म्हनलं असतं त थे पोट्टे अजून एकडाव शिकले असते. तुमच्या व्हयनं त्यायचं शिकनं तिथंच थांबलं." आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची. या वर्षी एका पालकानं तक्रार केली होती, की पोरांना लोकांच्या ओसरीवर बसवतात, नोट्स देत नाहीत. त्यांचे विभागप्रमुख सर चांगले, शिस्तीचे, त्यांच्या नोट्स पाठ केल्या की पोरं हमखास पास होतात. त्यांचं पहिल्यापासून म्हणणं होतं, की या सह्या म्हणजे पोकळ प्रकार आहे, कुणीही मागितली की देतं. दोन दिवसांनी बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि सरांनी हाच विषय तिच्यापुढे ठेवला होता. समितीनं वही पोकळ ठरवली, तर मॅडमची ही पद्धत बंद, आणि बहुतेक पुढची नेमणूकही बंद.

"मंग मी काय करू?" मी रडायला आले होते.

"काईच नाही. मी या एकोनीस सह्या खोडून राह्यली," असं म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावरची पट्टी घेतली आणि एकेक सही सरळ रेघेनं खोडली. "विचारलं त खरं सांगीन."

समिती आली. दोन साहेब आणि एक बाई. कॉलेजात कागद पाहून झाल्यावर त्यातले पांढऱ्या केसांचे साहेब म्हणाले, हे समजावणं जिथे होतं तिथेच पाहू. विभागप्रमुख सरांनी वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव दाखवलं. असे ते सगळे माझ्या घरी आले. चपराशी पुढे धावत येऊन सांगून गेला, तेवढ्या वेळात मी शिवणाचे तुकडे खाटेखाली लोटले. ओसरीवर खुर्च्या पुरेनात, किराणावाल्यानं दोन पाठवल्या आणि तिसरी घेऊन तो स्वतः दारात बसला. माझ्यासमोर इंझोरीच्या पोरीला बसवलं. मॅडम भिंतीला टेकून पंख्याकडे पाहत उभ्या होत्या.

पोरीनं सुरू केलं. तेच, एका दमात. ऊर्जा, साठवण, पॉवर स्ट्रोक. समितीच्या बाई मान डोलवत होत्या. साहेब खूश दिसले. संपल्यावर विभागप्रमुख सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, समजलं ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक शब्द म्हटला की सगळं निभेल, असं वाटत होतं. पोरीचं नाव राहत होतं, मॅडमची खोली, मॅडमची नोकरी, सगळं राहत होतं. तो शब्द माझ्या जिभेवर नेहमीसारखा येऊन बसलाही होता. मी मॅडमकडे पाहिलं. त्या अजून पंख्याकडेच पाहत होत्या. मला त्या खोडलेल्या रेघा आठवल्या.

मी म्हटलं, "नाई समजलं."

माझाच आवाज मला ओळखू येईना. दारातून किराणावाला म्हणाला, "अरे बाप्पा!" पोरीचं तोंड उतरलं. विभागप्रमुख सरांनी समितीकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी काय सांगत होतो! आता बोललेच होते, तर मी पुढेही बोलले. माझं शिवणयंत्र बाजूलाच होतं, पायडलचं. मी म्हटलं, "बाई, मी बावीस वर्षं हे मशीन चालवून राह्यली. याले खाली एवढं मोठं जड चाक हाय. पन सुरू करताना वरचं चाक मले हातानं ढकला लागते. नाही ढकललं त कधी जाग्यावरून हालत नाही, कधी उलटंच फिरते अन् दोरा तुटते. एकडाव चालू झालं की मंग हात लावा लागत नाही. थे काहून?"

पोरगी मशीनकडे पाहू लागली. "आत्या, ते... त्या चाकाचं..." आणि थांबली. विभागप्रमुख सर म्हणाले, "अगं, सोपं आहे," तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, थांबा." मग समितीच्या बाईंना राहवेना, त्या पुढे वाकून म्हणाल्या, "हे बघ बाळा," तर मॅडमनी त्यांनाही हात वर करून थांबवलं. "मॅडम, तिले विचार करू द्या." समितीच्या बाईला गप्प बसवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली! सरांनी कपाळाला हात लावला. मॅडम हात मांडीवर ठेवायला खुर्ची नाही म्हणून पायरीवर बसल्या आणि पोरीकडे कौतुकानं पाहू लागल्या. किती वेळ गेला देव जाणे. मला इतकी दया आली, की 'राहू दे बाई, समजलं मले' असं म्हणणारच होते. ओठ दातांखाली धरून बसले.

मग पोरगी उठली. "आत्या, बसू का मशीनवर?" तिनं जन्मात मशीन चालवलं नव्हतं. बसली, पाय दिला. हललं नाही. जोरात दाबला, तर गर्रकन उलटं फिरलं आणि दोरा तुटला. परत दिला, परत अडलं. ती खाली उतरून फरशीवर बसली, यंत्राच्या पोटात डोकं घातलं, ओढणीला तेल लागलं, चिंध्यांचा भुसा लागला. "आत्या, हळू पाय द्या. अजून हळू. थांबा!" माझा कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिनं चाकावर खूण केली. "इथं! आत्या, खाली वाकून पाहा. पायडलचा दांडा अन् चाकाचं हे कोपर, दोनी एका रेघेत आले. आता तुमी कितीबी जोर लावा, थो जोर नुसता आसावर दाबून राह्यते. चाकानं इकडं जायाचं का तिकडं, त्याले सांगनारं कोनीच नाही. म्हनून तुमी हातानं सांगता!"

मी वाकून पाहिलं. खरंच, दोन्ही एका रेघेत. बावीस वर्षं ते माझ्या पायाखाली होतं. पण मला आता सवय लागली होती. मी म्हटलं, "मंग चालू झाल्यावरबी थे जागा दर फेऱ्याले येतच असन न? तवा काहून अडत नाही?"

पोरगी खळखळून हसली. "तवा चाक धावत असते न आत्या! तुमचा पाय जिथं काईच करू शकत नाही, तिथून चाक आपल्या धावेनं पुढं निंघून जाते. हलकं असतं त तिथंच अडलं असतं. जड हाय म्हनून धाव टिकते!" आणि बोलता बोलता ती एकदम थांबली, मॅडमकडे वळली. "मॅडम, मले... मलेच आता समजलं."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "काय समजलं?"

सगळी ओसरी हसली. विभागप्रमुख सरही हसले, हे मी स्वतः पाहिलं. पोरगी म्हणाली, "मॅडम, गाडीले किक काहून मारा लागते थे." पांढऱ्या केसांचे साहेब उठले, कोट काढला आणि म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं फ्लायव्हील शिकवलं, हे मशीन कधी चालवलं नाही. बसू का?" त्यांनीही दोरा तोडला. दोनदा.

त्यानंतर सरांनी वही पुढे केली. "पण साहेब, एकोणीस सह्या एकाच बाईंच्या. यांना ते समजलेलं नव्हतं हे आता दिसलंच." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे सर. त्या मी खोडल्यात. एकोणीसही जणांना पुन्हा पाठवणार आहे." मी मधेच म्हटलं, "चुकी माही हाय साहेब. मले नाही म्हनता येत नव्हतं." साहेब कोट घालता घालता म्हणाले, "तुमचं सोडा. माझ्या वर्गात तीस वर्षांत कुणी 'नाही समजलं' असं म्हटलं नाही." मग त्यांनी वहीची खोडलेली पानं एकेक करून उलटून पाहिली. जाताना त्यांनी सांगितलं, सही पुरे नाही, काय समजलं ते सही करणाऱ्यानं एका ओळीत लिहावं. मॅडमनी ते लगेच मान्य केलं. त्यांना आपण हे आधी का केलं नाही याचंच वाईट वाटत होतं. अभ्यासक्रमही वेळेत संपवायला सांगितलं, तो त्यांनी त्या वर्षी संपवला, जरा धापा टाकत. महिनाभरानं नेमणुकीचा कागद आला.

ते एकोणीस जण परत आले तेव्हा मी त्यांना सोडलं नाही. एका पोराला चार फेऱ्या मारायला लावल्या. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, तुमी किराणावाल्यापरीस कडक झाल्या!" मी त्याला चहा दिला आणि पाचव्यांदा यायला सांगितलं. समजलं की मी वहीत एक ओळ लिहायची. ब्लाउजची मापं सोडून मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीला अर्धा दिवस लागला. मॅडमनी ती वाचली आणि वर जाऊन मला एक कोरी वही आणून दिली. त्याच वहीत मी हे लिहून राहिले आहे. इंझोरीची पोरगी आता एका कारखान्यात आहे. सुट्टीत आली की मशीनवर बसून उसवलेलं शिवून घेते, आणि सुरुवातीला चाक हातानं ढकलताना माझ्याकडे पाहून हसते. मला तर तिचा अभिमान आहेच. पण त्या एकोणिसांतल्या एकेकाचा आहे, आणि सांगायला काय हरकत आहे, थोडा माझाही आहे.

पुढे दोन वर्षांनी पांढऱ्या केसांच्या साहेबांचं मॅडमना पत्र आलं. ते दूरच्या एका मोठ्या कॉलेजाचे प्रमुख झाले होते. कायमची जागा होती, आणि त्यांना अशी वाट पाहणारी बाई हवी होती. मॅडम पत्र घेऊन खाली आल्या तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "मॅडम, जा. असं रोज थोडी भेटते?" म्हणताना आवाज नीट ठेवला. त्या दिवशी मी माझ्या ओसरीवर नेहमीसारखं 'समजलं' म्हटलं असतं, तर सरांनी पुढे केलेली वही पोकळच ठरली असती आणि मॅडमना या कॉलेजातून जावं लागलं असतं. बोलले म्हणून त्या राहिल्या, आणि बोलले म्हणूनच त्या साहेबांच्या नजरेत भरल्या आणि गेल्या. टेम्पोत लोखंडाची पोती चढवायला अख्खा वर्ग आला होता. चार पोती आणली होती, जाताना नऊ झाली. आमचे हे एकेक पोतं स्वतः उचलत होते आणि भंगार हा शब्द काढत नव्हते.

वरच्या खोलीत आता बँकेतले एक साहेब राहतात. चांगले आहेत, जिन्यावर काही सांडत नाहीत. मॅडम दर रविवारी दुपारी फोन करतात. सोमवारचा धडा अजूनही आधी मला सांगतात, मी फोन कानाशी दाबून ओसरीवर बसते. मागच्या रविवारी पंपाचा होता. इतक्या वर्षांत माझंही डोकं जरा चालायला लागलं आहे. त्यांनी सांगितलं आणि मला पहिल्या झटक्यातच सगळं समजलं, अगदी पाण्यासारखं. पलीकडून त्यांनी विचारलं, "काय काकू?"

मी म्हटलं, "नाई समजलं. पुन्हा सांगा न."